खाडा

आमच्या घरात ‘खाडा’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. आई भवानी पेठेत एका शिलाईच्या कारखान्यात जायची. कारखाना म्हणजे अरुंद लाकडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर दाटीवाटीनं मांडलेली २२ मशिनं, खिडकीशी कटिंगचं टेबल आणि कोपऱ्यात इस्त्री. शाळेचे गणवेश शिवायचे. जूनमध्ये शाळा उघडायच्या, म्हणून मे महिना हा ऐन सीझन, आणि पत्र्याखालचा मे कसा असतो ते पत्र्याखाली बसलेल्यालाच माहीत. पैसे नगावर. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडायचेच, शिवाय महिनाभर एकही खाडा न करणारीला मिळणारे हजेरीचे वरचे पैसेही जायचे. म्हणून अंगात ताप असला तरी गोळी घेऊन आई तो जिना चढायची.

त्या पोटमाळ्याला मागून एक दार होतं. ते मी कधी उघडं पाहिलं नाही. किल्ली शेठच्या गल्ल्यात असायची. ‘मागून माल जातो’ हे कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि पटलेलंही होतं. आईलाही. शाळा सुटली की मी तिथे जाऊन तयार शर्टांचे धागे कापत बसायचे. याला बालमजुरी म्हणतात, हे मला पुढे जर्मनीत नोकरी लागल्यावर एका छापील फॉर्मवरून कळलं.

गेली ११ वर्षं मी डॉर्टमुंडला आहे. कपड्यांच्या घाऊक व्यापारातल्या एका कंपनीत पुरवठादारांची कागदपत्रं तपासते. बांगलादेश, तुर्कस्तान, भारत, कुठून कुठून आलेली प्रमाणपत्रं, फायर ड्रिलचे फोटो, हजेरीपटाच्या प्रती. त्यामुळे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामगार कायद्यांचा विषय निघाला की शेवटी सगळे माझ्याकडे वळतात : “तिकडे कसं असतं गं?” सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली, तेव्हा हे झालं. २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा पुन्हा झालं. काकांच्या मते आता कुठे देश कामाला लागणार. माझ्या बहिणीच्या मते ही वेठबिगारी आहे. दोघांनाही साक्षीदार म्हणून जर्मनी हवी असते. काकांची जर्मनी शिस्तीची, बहिणीची जर्मनी हक्कांची.

मी ज्या जर्मनीत राहते तिच्यातली एक गोष्ट सांगते. आमच्या गोदामात मागच्या आपत्कालीन दारासमोर एकदा खोक्यांची थप्पी लागली होती. ख्रिसमसच्या आधीचे दिवस, माल ठेवायला जागा नाही. तिथे एक शिकाऊ पोरगी होती, १७ वर्षांची असेल. ती म्हणाली, हे हललं नाही तर मी आत काम करणार नाही. आणि खरंच बाहेर जाऊन कॉफी पीत बसली. मॅनेजर चरफडला, घड्याळाकडे पाहिलं, कुणाला तरी फोन केला. २० मिनिटांत खोकी हलली. पोरगी कप धुऊन आत आली. तिचा खाडा लागला नाही.

मला त्या दिवशी कामच सुचेना. या पोरीला एवढं धाडस कुठून आलं, असं मी एका सहकाऱ्याला विचारलं, तर त्याला प्रश्नच कळला नाही. धाडस कसलं? इथल्या कामगार संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलं आहे की थेट आणि मोठा धोका असेल तर कामगारानं जागा सोडून जावं आणि त्यापायी त्याचं काही नुकसान होता कामा नये. थप्पीमागचं दार हा असा थेट धोका होतो का, यावर वकील वाद घालू शकतील. पण तिच्या मागे कामगारांची निवडून आलेली समिती होती, जी ५ माणसांच्या आस्थापनेतही निवडता येते, आणि अपघात विम्याची १८८४ पासून चालत आलेली व्यवस्था होती. वाद घालायची वेळच आली नाही.

आता आपल्याकडे पाहा. त्या चार संहितांतली सुरक्षेची संहिताही काही मुकी नाही. जिवाला धोका वाटला तर कामगार मालकाला सांगू शकतो, सुरक्षा समिती असेल तर तिच्यामार्फत सांगू शकतो, त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवू शकतो (त्याचं आता ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’, म्हणजे निरीक्षक आणि मदतनीसही, झालं आहे, म्हणजे हात जोडूनच यायचं). मालकाला धोका पटला तर त्यानं लगेच उपाय करायचा. नाही पटला तर प्रकरण इन्स्पेक्टरकडे. हे सगळं ठीक. पण तोवर बाई कुठे असते? मशीनवर. कळवण्याचा हक्क आणि बाहेर पडण्याचा हक्क यांच्यामध्ये तो लाकडी जिना आहे.

ढाक्याजवळच्या सावारमध्ये २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली, हे बहुतेकांना माहीत असतं. आदल्या दिवसाचं फार कुणी बोलत नाही. भिंतींना, खांबांना भेगा पडल्याचं आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपल्या लोकांना घरी पाठवलं. दुकानं बंद राहिली. दुसऱ्या दिवशी आत गेल्या त्या शिलाईच्या मजल्यांवरच्या बाया, कारण आत गेला नाहीत तर महिन्याचा पगार विसरा, असा दम त्यांना भरला होता. त्यांना भेग दिसत नव्हती असं नाही. बँकेतल्या कारकुनाला जे डोळे होते तेच त्यांना होते. कारकुनाचा खाडा पडणार नव्हता, एवढाच फरक.

म्हणून त्यानंतर ब्रँड आणि कामगार युनियन यांच्यात झालेल्या ‘अकॉर्ड’ कराराबद्दल मला आदर आहे. त्यात सह्या करणाऱ्या ब्रँडवर कायद्यानं बंधन आलं, स्वतंत्र इंजिनिअरांनी १,६०० हून जास्त कारखाने तपासले, अहवाल नावानिशी जाहीर झाले आणि असुरक्षित जागी काम नाकारण्याचा हक्क कागदावर आला. ब्रँडनी आधी स्वतःच्या खुशीनं केलेल्या तपासण्यांनी हे होत नव्हतं.

त्या खुशीच्या तपासण्यांचं काय होतं ते मला घरापासून थोड्या अंतरावरच पाहायला मिळालं. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत अली एंटरप्रायझेस या कारखान्यात २५० हून जास्त माणसं जळून मेली. खिडक्यांना गज, दारांना कुलपं. काही आठवडे आधीच त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांना नीट वागवलं जातं असं सांगणारं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं होतं. तिथला मोठा गिऱ्हाईक होता किक हा जर्मन स्वस्त कपड्यांचा ब्रँड. त्याचं मुख्यालय डॉर्टमुंडच्या शेजारी बोएनेन गावात आहे. कराचीतल्या चौघांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला; जानेवारी २०१९ मध्ये तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. किकनं त्याआधी २०१६ मध्ये ५० लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचं मान्य केलं होतं, हेही सांगायला हवं. आग खंडणीसाठी लावलेली होती, असा निकाल पुढे २०२० मध्ये कराचीतल्या न्यायालयानं दिला. असेल. आग कुणीही लावो, दारं बंद होती.

मी रोज जे कागद तपासते त्यांत तसलंच प्रमाणपत्र असतं. सही, शिक्का, तारीख. सगळं बरोबर असलं की मी ‘पूर्ण’ वर टिचकी मारते. तेवढ्यापुरता माझा जीव कुठेतरी अडकतो, मग पुढचा फॉर्म येतो.

माझा मामेभाऊ भोसरीत गाळा घेऊन टी-शर्ट शिवतो. जॉबवर्क करतो म्हणा. त्याचा माल दोन हात पालटून युरोपला जातो. या विषयावर त्याचं आणि माझं वर्षातून एकदा तरी कडाक्याचं भांडण होतं, आणि मला कबूल केलं पाहिजे की दर वेळी मी जिंकत नाही. “ताई, तुमचा ऑडिटर येणार म्हणून मला १५ दिवस आधी मेल येतो,” तो म्हणतो. “मग मी लाल बाटल्या भरून घेतो, पट्टे रंगवतो, बायकांना काय बोलायचं ते सांगतो. ऑडिटचे पैसे मीच भरतो. तो गेला की मधला एजंट फोन करतो, पुढच्या ऑर्डरला नगामागे दीड रुपया कमी कर. सुरक्षा पण मीच द्यायची आणि स्वस्ताई पण मीच?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा (पुरवठादाराकडच्या कामगारांच्या हक्कांकडेही कंपनीनं पाहावं, असं सांगणारा) १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आधी ३,००० आणि मग १,००० नोकर असलेल्या कंपन्यांना. त्यात खरेदीच्या पद्धती सुधारा असंही लिहिलं आहे. पण मी आजवर तपासलेल्या एकाही फॉर्ममध्ये ‘तुम्हाला मिळणारा भाव पुरतो का?’ असा रकाना पाहिलेला नाही.

आणि गंमत अशी की महाराष्ट्रात १२ तासांना मंजुरी मिळाली त्याच सप्टेंबरात इथल्या मंत्रिमंडळानं हा पुरवठा साखळी कायदा सैल करणारं विधेयक मंजूर केलं : कंपन्यांनी अहवाल द्यायची गरज नको, दंडाची कारणं कमी. कारण तेच. उद्योगांवर बोजा, कागदपत्रांचा जाच. आठ तासांच्या दिवसाऐवजी आठवड्याचे तास मोजावेत, हीही चर्चा इथे सुरू आहे. माझ्या काकांना जर्मन मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसवलं तर भाषेपलीकडे काही अडचण येणार नाही. इटलीतल्या प्रातो शहरात १ डिसेंबर २०१३ ला एका शिलाई कारखान्यात सात चिनी कामगार जळून मेले. तिथेच काम, तिथेच पुठ्ठ्याच्या खोल्यांत झोप, खिडक्यांना गज. तेव्हा ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे, हे बहिणीनंही एकदा ठरवावं.

मामेभावाच्या बाकीच्या युक्तिवादावर मात्र मी बोट ठेवते. त्याच्या गाळ्यात २७ मशिनं चालतात आणि हजेरीपटावर १८ नावं आहेत. उरलेल्या बायका ठेकेदाराच्या. १९४८ च्या मूळ फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० कामगारांची अट होती, नव्या संहितेत ती २० झाली. १८ हा आकडा त्याच्याकडे आपोआप आलेला नाही. १२ तासांचं म्हणाल तर तो म्हणतो, बायकाच ओव्हरटाइम मागतात. खरं आहे. आईही मे महिन्यात मागायची. आठ तासांच्या शिलाईत घरभाडं आणि माझी फी दोन्ही निघत नव्हती म्हणून मागायची. कायद्यात ‘कामगाराची लेखी संमती’ असं लिहिलं की मला तिची ती सही आठवते, मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची, अक्षरामागून अक्षर ओढत केलेली.

पण ग्रुपवरच्या या सगळ्या वादात एक गोष्ट कुणाच्याच तोंडी येत नाही. युरोपचा कायदा, ब्रँड, ऑडिटर, सगळे जमेस धरले तरी पुण्यातले बहुतेक शिलाईचे गाळे त्यांच्या टप्प्यात येतच नाहीत. ९ मे २०१९ ला पहाटे उरुळी देवाचीच्या एका साडीच्या दुकानात आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले, शटरला बाहेरून कुलूप होतं. त्या साड्या हॅम्बुर्गला जाणार नव्हत्या. ७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याच्या रसायन कारखान्यात, ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्या करणाऱ्या शेडमध्ये, दोन्हीकडे मेल्या त्या मुख्यतः बायका. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले, त्यात खुद्द मालक आणि त्याच्या घरची माणसं होती. म्हणजे बंद वाट मालकालाही ओळखत नाही.

या मालाचा ब्रँड आपण आहोत. लग्नाच्या बस्त्याला लक्ष्मी रोडवर तास-तास घालवणारे आपण जरीकाम पक्कं आहे का, पदर केवढा, ब्लाउजपीस आहे ना, हे सगळं विचारतो. ही साडी कुठल्या गोदामात होती, त्याला किती दारं आहेत, हे विचारलं तर दुकानदार वेड्यात काढेल. मीही विचारत नाही. गेल्या दिवाळीला आले होते तेव्हा भाच्यांसाठी रविवार पेठेतून घाऊक भावात कपडे नेले आणि भाव पाडला म्हणून खूश झाले. नोकरीत मी युरोपच्या वतीनं सतराशे प्रश्न विचारते, स्वतःच्या पिशवीबद्दल एकही नाही.

तमिळनाडूत २०२२ मध्ये दिंडीगुल करार झाला, तो मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. एका शिलाई कामगार मुलीच्या खुनानंतर बायकांच्या युनियननं कारखान्याकडून आणि ब्रँडकडून सही घेतली आणि मजल्यावर लक्ष ठेवायला तिथल्याच कामगार बायका नेमल्या. ऑडिटर वर्षातून एकदा येतो, त्या बायका रोज तिथे असतात. पुण्यात हे होणार नाही असं मला मामेभाऊ सांगतो, कारण पुण्यात बाई चार महिन्यांत गाळा बदलते. बदलत असेल. मग प्रत्येक गाळ्यात निदान एवढं तरी असावं, की दार आतून उघडावं आणि त्या दारानं बाहेर पडलेल्या बाईच्या हजेरीपुढे शून्य लागू नये. १२ तास की ९ तास हे त्यानंतर बोलू.

हे सगळं मी दिवाळीत त्याच्या गाळ्यात उभी राहून बोलले. मागच्या दाराला कुलूप होतं, त्याच्यापुढे लेबलांची खोकी. बायका कान देऊन ऐकत होत्या, मशिनांचा आवाज मुद्दाम बारीक केल्यासारखा. तो काही बोलला नाही, चहा मागवला. परवा त्याचा फोटो आला. कुलूप गेलं होतं, आतून ढकलायची आडवी लोखंडी कडी बसवली होती, खोकी हलली होती. खाली लिहिलं होतं : “चोरी झाली तर बिल तुला पाठवतो. आणि त्या दीड रुपयाचं तुमच्या साहेबांशी बोललीस का?”

अजून बोलले नाही.