"काय करता?" "शेती."

सर्वेक्षणात "काय करता?" एवढंच विचारलं की सांगलीकडं उत्तर ठरलेलं: शेती. तासगावचा द्राक्षबागायतदार शेती म्हणतो, त्याच्या बागेत रोजानं खुरपायला येणारी बाई शेती म्हणते, आणि वीस गुंठे ऊस राखून मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमालही शेतीच म्हणतो. कामांना कोड देणाऱ्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 मध्ये पहिला विभाग 6 मध्ये (कसबी शेती), दुसरी 9 मध्ये (साधी मजुरी), हमालाचा कोड 9333. पुस्तक बरोबर आहे हो, घोळ दारातच होतो.

म्हणून दारात कोड टाकूच नये. बोललेलं जसंच्या तसं लिहायचं आणि विचारायचं: दिवसभर हातानं नेमकं काय करता? पगार, रोज की स्वतःचं? हाताखाली पगारी माणसं किती? वर्षातले जास्त दिवस कशात गेले? कोड नंतर, टेबलावर. आठ अंकांच्या नादी लागू नये, पहिले चार पुरतात.

"विट्यात कापडाच्या लाईनीत आहे" यावरून काही कळत नाही. यंत्रमागावर उभा असेल तर 8152, दिवाणजी असेल तर विभाग 4. मिरजेत सतार घडवणारा 7312, नुसती विकणारा विभाग 5. "कारखान्यात आहे" हा तर उद्योग झाला, व्यवसाय नव्हे. साखर कारखान्याचा ट्रकचालक 8332 च. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याला तर विचारावंच लागतं: भट्टी स्वतःची की दुसऱ्याची?

सगळ्यात जास्त चुकतं ते "मी घरीच असते" इथं. घरच्या बेदाण्याच्या शेडवर ती महिनाभर राबलेली असते. श्रमबल सर्वेक्षणात वर्षात 30 दिवस काम भरलं तरी दुय्यम काम धरतात. बिनपगारी घरच्या मदतीला तिथं 21 हा वेगळा कोड आहे. न विचारता 92, म्हणजे फक्त घरकाम, टाकून मोकळं होणं हा आळस आहे.

बाजार संशोधनवाल्यांनी घरांचा सामाजिक-आर्थिक वर्ग ठरवण्याच्या 2011 च्या पद्धतीत व्यवसायच काढला. घरच्या मुख्य कमावत्याचं, म्हणजे कर्त्याचं, शिक्षण आणि पंखा, फ्रीजपासून शेतजमिनीपर्यंत 11 वस्तू मोजून ए1 ते ई3 असे वर्ग. फ्रीज आता हप्त्यावरही येतो. नव्या पद्धतीत कर्त्याचा व्यवसाय परत आलाय, सोबत घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं आणि बाईचं शिक्षण. मला हे पटतं.

"नोकरी" किंवा "धंदा" एवढाच शब्द लिहून आलेला फॉर्म त्याच संध्याकाळी परत पाठवा. ऊसतोडीच्या हंगामात आठवड्यानं गेलात तर फडावरची कोपीच, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडीच, हललेली असते.