ऐकणाऱ्याची परीक्षा घेणं बंद करा

आज डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

पाचपाखाडीतल्या एका कॅफेत दुपारी लिसनिंग सेशन होतं. रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा १९९७ सालचा अल्बम 'ओके कम्प्युटर', रेकॉर्डवर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक होता तरी ऐरोलीहून रिक्षा करून गेले. ठाण्यात तीसेक माणसं एका खोलीत बसून हा अल्बम ऐकतायत, हे आमच्या कॉलेजच्या दिवसांत कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आणि तिथे काय मिळालं? भाषण. चालवणारे गृहस्थ गाण्यागणिक सुई उचलून बोलत होते. १९९७ सालचं ब्रिटन, इंटरनेटची सुरुवात, भांडवलशाही, माणसाचं यंत्र होणं. बोला बाबा, तुमची जागा आहे. पण 'नो सर्प्रायझेस' झाल्यावर मागच्या खुर्चीतली एक मुलगी, विशीतली असेल, हळूच म्हणाली की परीक्षेच्या दिवसांत मी हे लावून झोपते, मला फार शांत वाटतं. गृहस्थ हसले. माइक हातात धरून हसले. म्हणाले, "अगं, हे गाणं कशावर आहे ते तरी माहितीये का तुला?" आणि मग आत्महत्या, गुदमरणं, व्हिडिओत बँडचा गायक थॉम यॉर्कच्या डोक्यावरच्या काचेच्या हेल्मेटमध्ये भरत जाणारं पाणी, सगळं तिच्या अंगावर ओतलं. पोरगी मान खाली घालून सॅकची चेन उघडत होती, लावत होती, परत उघडत होती.

वर पुढचं वाक्य: "आपल्या आईबाबांच्या पिढीला तर हा नुसता गोंगाट वाटला असता!" खोली हसली.

आमचे बाबा खारेगावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत पाळ्या करायचे आणि एकादशीला रात्रभर भजनाला बसायचे. इंग्रजी म्हणाल तर कंपनीच्या पासावर छापलेलं होतं तेवढं. कॉलेजातल्या मैत्रिणीकडून मी 'ओके कम्प्युटर' भरून आणला होता, साध्या कोऱ्या कॅसेटवर, वर बॉलपेनने नाव लिहून. कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत टू-इन-वन फ्रिजवर असायचा. बाबा पहिल्या पाळीहून आलेले, बनियनवर, भिंतीला टेकून बसलेले, आणि 'पॅरनॉइड अँड्रॉइड' सुरू झालं.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते, सव्वासहा मिनिटांच्या वरचं गाणं आहे आणि एका चालीवर टिकत नाही. आधी दबकं, कुजबुजल्यासारखं, मग गिटार खवळते, मग एकदम प्रार्थनेसारखे संथ आवाज, मग परत तो धिंगाणा. बाबांची बोटं सवयीने मांडीवर चालली होती. खवळलेला भाग आला आणि बोटं अडली. "थांब. मागे घे." मी रिवाइंड केलं. परत अडली. "अजून एकदा." तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले, ओठांत मोजलं आणि हात वर केला. "एक मात्रा खाल्ली त्यानं! आठाच्या सातच ठेवल्या. मुद्दाम खाल्लीय, चुकून नाही." आणि काय हसले! मंडळात कुणी अवघड वाटेने जाऊन नेमका समेवर उतरला की हसायचे, अगदी तसे.

पुढे कधीतरी मी वाचलं की त्या भागात खरंच मध्ये मध्ये आठाऐवजी सातच मात्रांचे बार आहेत. जाणकार लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात. बाबांनी ते मांडीवर शोधलं होतं. हा गोंगाट वाटणारा माणूस का?

म्हणून मी उठले आणि तिथेच बोलले. म्हटलं, साहेब, तिची झोप तुमच्या भाषणापेक्षा त्या गाण्याच्या जास्त जवळ आहे. आणि हे मी रागाने म्हटलं नव्हतं, ते खरंच आहे. 'नो सर्प्रायझेस' मुद्दाम तसंच केलंय. वाद्यं जलद वाजवून घेतली, मग टेप संथ केली आणि त्या संथ टेपवर यॉर्क गायला, म्हणून सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. वर ग्लॉकेनस्पीलची, म्हणजे छोट्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची, ती किणकिण, लहान मुलाच्या पाळण्यावर वाजावी अशी. त्या किणकिणीने तिला शांत केलं. गाण्याने त्याचं काम चोख केलं. शब्दांतलं दुःख तिला नंतर भेटेल, किंवा आधीच भेटलं असेल आणि म्हणूनच तिला त्या दिवसांत हेच गाणं लागत असेल. तुम्ही विचारलंत का तिला? नाही. तुम्ही हसलात.

हो, संदर्भ कळला की गाणं आणखी उघडतं, मान्य. याच अल्बममधलं 'लकी' हे गाणं मुळात १९९५ मध्ये बॉस्नियातल्या युद्धात सापडलेल्या मुलांसाठी काढलेल्या अल्बमकरता केलेलं आहे, हे समजल्यावर मी ते पुन्हा वेगळ्या कानांनी ऐकलं. पण आधी ते आवडलं होतं म्हणूनच मी शोधायला गेले ना? आधी कान, मग पुस्तक. तुम्ही दारातच पुस्तक तपासायला बसलात तर आत येणार कोण?

आणि आमच्या पिढीतल्या लोकांनाही सांगायचंय, कारण तुमच्यातले बरेच जण हे वाचतायत. 'लेट डाउन' रीलवर वापरणाऱ्या पोरांना नावं ठेवू नका. २०२५ मध्ये, अल्बम निघून २८ वर्षं झाल्यावर, ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये शिरलं, ते आपल्यासारख्या जुन्या भक्तांमुळे नाही. या पोरांमुळे. तो पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकून मलाही कसंतरी होतं, नाही म्हणत नाही. पण त्यातून चार जण उरलेलं गाणं ऐकायला जातात.

'लेट डाउन'वरूनही बाबाच आठवतात. त्यांची कंपनी बंद पडली. हिशेब मिळाला तो अर्धामुर्धा, आणि इतकी वर्षं पाळ्यांवर चालणारा माणूस दुपारभर घरात. भजनालाही जाईनात. पखवाज खोळीत. आई माझ्याशी खुणेने बोलायची, आवाज नको म्हणून. एका दुपारी तेच म्हणाले, "तुझ्या त्या मात्रा खाणाऱ्याची कॅसेट लाव." लावली. त्यांनी 'पॅरनॉइड अँड्रॉइड' धरलं असेल असं मला वाटलं, पण ते थांबले 'लेट डाउन'वर. त्याच्या सुरुवातीला बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडची गिटार बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मोजणीत चालते. बाबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हा एकटा वेगळंच मोजतोय. आणि तरी कुणाला अडवत नाही." पुढचे कित्येक दिवस ते तेवढंच गाणं मागायचे. मी त्यांना कधी अर्थ सांगितला नाही. रस्ते, विमानतळ, सतत कुठेतरी जाणारी आणि आतून सुकत गेलेली माणसं, असं काहीबाही त्यात आहे. जन्मभर कंपनीच्या बसने त्या रस्त्यावरून गेलेल्या माणसाला मी काय सांगणार होते?

हे गाणं त्या लोकांनी इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याच्या नाचघरात, पहाटे तीनला रेकॉर्ड केलं. बाथ शहराजवळ आहे तो वाडा. पहाटे तीन म्हणजे आमच्याकडे तिसऱ्या पाळीची वेळ. कळवा आणि बाथ, कुणी कुणाला ओळखत नाही. मला अजून हे लिहिताना गलबलतं. जाऊ दे.

माझा एक मित्र आहे, घोडबंदर रोडला त्याच्या गाडीचा मोठा अपघात झाला होता, वाचला. तो या अल्बममधलं फक्त पहिलं गाणं ऐकतो, 'एअरबॅग'. बाकीचे अकरा ट्रॅक त्याला कंटाळवाणे वाटतात. वाटू देत! गाडीच्या अपघातातून जिवंत बाहेर पडलेल्या माणसाचं गाणं आहे ते, आणि ते त्याचं आहे. त्याला संपूर्ण अल्बमचं महत्त्व पटवायला मी जाणार नाही. जॉनी ग्रीनवुड स्वतः २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात येऊन राजस्थानी कलाकारांबरोबर वाजवायला बसला. तिथल्या कव्वालांनी आणि मांगणियारांनी आधी 'ओके कम्प्युटर'वर निबंध लिहून दिला नव्हता.

आणि एक गोष्ट मी विसरणार नाही. 'द टुरिस्ट' हे शेवटचं गाणं, जरा हळू जा म्हणणारं, एका छोट्याशा 'टिंग'वर संपतं. ५३ मिनिटांचा सगळा गोंधळ, भीती, धावपळ, आणि शेवटी ती एकच टिंग. आज आभार मानायची घाई होती म्हणून त्या गृहस्थांनी ती वाजायच्या आधीच सुई उचलली. संदर्भ सांगायला वेळ होता, टिंगला नव्हता.

त्या मुलीला मी बाहेर गाठलं. आधी घाबरली, मग बोलायला लागली ती तीन हात नाक्यापर्यंत थांबलीच नाही. 'एक्झिट म्युझिक' ऐकताना तिला आजीच्या गावच्या देवळाचा गाभारा आठवतो म्हणे. मी सांगितलं की यॉर्कचा तो आवाज बाथजवळच्या त्याच वाड्याच्या दगडी जिन्यात रेकॉर्ड केलाय. जागीच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं?" हो गं बाई. बरोबरच ऐकू आलं होतं.

तर पुढच्या रविवारी संध्याकाळी माझ्याकडे, ऐरोलीला. ती येतेय. आठ-दहा माणसं बसतील एवढी जागा आहे. रेकॉर्ड नाही, सीडी आहे, स्पीकर चांगले आहेत. सुरुवातीपासून टिंगपर्यंत कुणी बोलायचं नाही, 'फिटर हॅपियर'च्या त्या यंत्राच्या आवाजातही नाही. नंतर ज्याला जे वाटलं ते त्याने सांगावं, काहीच वाटलं नाही तर तेही सांगावं. बाबा असतील, कान आता थोडे कमी झालेत, तेव्हा स्पीकरजवळची खुर्ची त्यांची. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इनबॉक्समध्ये कळवा, सोसायटीच्या गेटवर नावं आधी द्यावी लागतात.