म्हणे, तीन वर्षं गप्प बसलं की शैक्षणिक कर्ज संपतं!

हापूसच्या शेवटच्या पेट्या गेल्या आणि बारावीचे निकाल लागले की आमच्या देवगडकडे एक मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला. मजकूर असा: शैक्षणिक कर्ज विनातारण असतं, हप्ते थकले तरी बँक काही करू शकत नाही. तीन वर्षांनी कर्ज कायद्यानेच रद्द होतं. पोरगा जहाजावर चढला की विषय संपला. शिवाय निवडणूक आली की सरकार माफ करतंच. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘काय्येक होवचा नाय!’

त्यातलं खरं आधी सांगतो. हप्ता थकला म्हणून कोणी बेड्या घालत नाही. हा दिवाणी मामला. पण बँकेला दिलेला चेक परत गेला, तर चेक न वटण्याबद्दलच्या कायद्याचं कलम १३८ लागतं आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे.

तीन वर्षांची गोष्ट मात्र अर्धवट ऐकून लिहिलेली. मुदतीच्या कायद्यात साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला तीन वर्षं आहेत, इतकंच. त्या मुदतीत तुम्ही ‘बाकी मान्य’ अशा कागदावर सही केलीत, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बँकवाले वर्षाअखेरीला घरी येऊन, चहा पिऊन घेऊन जातात ती सही हीच. जागा गहाण असेल तर मुदत तीन नव्हे, बारा वर्षं. आणि मुदत टळली तरी बँकेचा फक्त कोर्टाचा रस्ता बंद होतो, कर्ज पुसलं जात नाही.

कर्जमाफीचं थोडक्यात. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या. शिक्षणासाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे: वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर ठरावीक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाच्या आणि पुढच्या वर्षभराच्या काळातलं व्याज सरकार भरतं. मुद्दल तुमचंच. अफवा बहुधा इथूनच निघाली असावी.

आंब्याच्या कलमांच्या बागेला बँकेला हात लावता येत नाही, असंही कोणीतरी पुढे जोडलंय. कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा २००२ चा सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, बरोबर. पण बाग गहाण दिली असेल तर बँक कोर्टातून येऊ शकते, आणि तोवर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा बसलेला असतो. सामाईक सातबारा असेल तर भाऊबंदकीत काय होतं ते कोकणात वेगळं सांगायला नको.

अडचण असेल तर हप्ता थकल्यापासून ९० दिवसांच्या आत शाखेत जा. त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. हप्ता कमी करून मुदत वाढवा असा अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. तोही ठाऊक असू द्या.

राहिलं विनातारण. तारण नसेल, पण सहकर्जदार असतो, बहुतेकदा आई नाहीतर वडील. पोरगा जहाजावर असला तरी बाप वाडीतच असतो. आमच्या वाडीतले एक काका ऑक्टोबरात फवारणीसाठी पीककर्ज मागायला गेले. साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मुलाचं शैक्षणिक कर्ज, चौदा हप्ते थकीत, आणि त्याच ओळीत काकांचं नाव. काका चष्मा पुसून पुन्हा वाचत बसले. स्वतःच्या कर्जाचा एक हप्ता त्यांनी कधी चुकवला नव्हता.

त्या वर्षी त्यांनी वाशीच्या दलालाकडून उचल घेऊन फवारणी केली. पेट्याही मग त्याच्याच गाळ्यावर गेल्या, त्याने लावलेल्या भावाने.