प्रतिक्रियेला उत्तर: ट्रॉम्बोनची पट्टी आणि तुमचा सूर

ट्रॉम्बोनवरच्या (सरकत्या नळीचं, म्हणजे स्लाइडचं, पितळी फुंकवाद्य) माझ्या लेखाखाली ‘एक वादक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. लांबलचक आहे, पण गाभा असा: ‘ट्रॉम्बोन बी फ्लॅटचा असतो हे विधान हास्यास्पद आहे. त्याचं संगीत वाजतं तसंच लिहितात. स्लाइडच्या वाद्याला पट्टी कसली? सगळ्या पट्ट्या त्याला सारख्याच. लिहिण्याआधी थोडा अभ्यास केला असतात तर बरं.’ पुढे ऑल्टो ट्रॉम्बोन, ग्लिसांडो (सूर घसरवत नेणं) आणि माझं शुद्धलेखन.

आधी चूक कबूल करतो. ट्रिगरचं, म्हणजे एफ-अटॅचमेंटचं (दाबली की जास्तीची नळी जोडणारी कळ), साल मी १८९३ लिहिलं होतं. लाइपझिगच्या साटलर या वाद्य बनवणाऱ्याने तो बसवला १८३९ मध्ये. आकडे उलटे पडले, दुरुस्त केलेत. आभार.

आता ‘हास्यास्पद’. ‘हे पटत नाही’ एवढ्यावर भागलं असतं. पण टोपणनावाआड बसलं की माणसाला विशेषणं सुचतात, त्याला इलाज नाही.

टेनर ट्रॉम्बोनची स्लाइड पूर्ण आत घ्या. नळी साधारण २.७ मीटरची. हात न हलवता नुसते ओठ आवळत गेलात की, तळाचा पेडल सूर सोडून, बी फ्लॅट, एफ, पुन्हा बी फ्लॅट, डी, एफ असे सूर निघतात. हे मी ठरवलेलं नाही, नळीच्या लांबीने ठरवलंय. ‘बी फ्लॅटचा’ म्हणजे एवढंच. पेटीवर काळी पाच. कागदावर काय लिहितात हा वेगळा प्रश्न. ऑर्केस्ट्रात वाजतं तेच लिहितात, मान्य. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये मात्र टेनर ट्रॉम्बोनच्या कागदावर सी असतो आणि कानावर बी फ्लॅट पडतो. तेव्हा अभ्यासाचं जरा जपून.

आणि ‘सगळ्या पट्ट्या सारख्याच’? हे वाक्य ज्याने हातात वाद्य धरलंय त्याने लिहावं याचंच आश्चर्य वाटतं. स्लाइड थांबवायच्या जागा, म्हणजे पोझिशन, सात; पहिली पूर्ण आत, प्रत्येक पुढची अर्ध्या स्वराने खाली. आता खालच्या सप्तकात काळी पाचमध्ये ‘नी-सा’ घ्या. नी दुसऱ्या पोझिशनला, सा पहिल्या. मनगटाचं काम. तेच पांढरी सातमध्ये घ्या. नी पहिल्या पोझिशनला आणि सा थेट सातव्या! स्लाइड अर्ध्या मीटरहून जास्त लांब फेकायची, तीसुद्धा मधले सूर न घसरवता. पट्टी सरकली अर्ध्या स्वराने, हात गेला या टोकाकडून त्या टोकाला.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बावीस वर्षं वाजवतोय. दुसऱ्याच कार्यक्रमात गायिकेचा आवाज मोकळा लागेना म्हणून संचालकांनी आयत्या वेळी पट्टी अर्ध्या स्वराने चढवली. कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं आणि तो मोकळा झाला. मी प्रत्येक ‘सा’ला हात ताणत होतो आणि तो ‘सा’ प्रत्येक वेळी थोडा चढाच लागत होता, कारण हात तिथवर पुरतच नव्हता. मध्यंतरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. त्या रात्री सगळ्या पट्ट्या सारख्या आहेत हे मला सांगायला तुम्ही हवे होतात.

ट्रिगर असता तर तो सूर दुसऱ्या पोझिशनच्या आसपास मिळाला असता, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. माझ्या वाद्याला नव्हता. पण सगळ्या पट्ट्या सारख्याच असत्या तर ही जास्तीची नळी जन्मभर खांद्याजवळ वागवायची कशाला?

कोणतीही पट्टी वाजवता येते, यावर वाद नाहीच. लेखातही तसं आहे, तिसऱ्या परिच्छेदात. तिथवर पोचला असतात तर.

ऑल्टो ट्रॉम्बोन ई फ्लॅटचा असतो, ठाऊक आहे. लेख टेनरवर होता. ग्लिसांडोबद्दल पुन्हा कधी. शुद्धलेखनाबद्दल कधीच नाही.

वाद्य घरी असेल तर ट्रिगर न दाबता तो ‘नी-सा’ दहा वेळा वाजवा आणि मग लिहा. चांगल्या शब्दांत लिहिलंत तर वर ठेवीन. नाही लिहिलंत तरी काढणार नाही, आजवर कुणाची प्रतिक्रिया काढलेली नाही.