गरुड चाळिशीत चोच तोडत नाही, आणि बाज, ससाणा, शाहीन म्हणजे गरुड पण नाही

परवा आमच्या खानदानाच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला, या वर्षातला तिसऱ्यांदा. यावेळी धाकट्या काकांनी टाकला आणि खाली चुलतबहिणीनं विचारलं की दादा, बाळाचं नाव गरुडावरून ठेवायचा विचार चाललाय, हे खरंय का रे. म्हणून तुकड्या तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. काका, राग मानू नका, तुमच्यावर नाही, मेसेजवर आहे.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गरुड ७० वर्षं जगतो, ४० व्या वर्षी त्याची चोच वाकते, नखं मऊ पडतात, पंख जड होऊन छातीला चिकटतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून तोडतो, नवी आली की तिनं नखं उपटतो, नवी नखं आली की पिसं उपटतो आणि १५० दिवसांनी नवा जन्म घेऊन अजून ३० वर्षं जगतो. शेवटी एक शेपूट जोडलंय, की म्हणूनच आपल्या ऋषींनी गरुडाला विष्णूचं वाहन केलं, गरुड, बाज, ससाणा, शाहीन ही सगळी याच पक्ष्याची नावं, आणि घार-गिधाड मात्र अशुभ.

आधी ७० वर्षांचं बघू. मेसेजसोबतचा फोटो अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या बाल्ड ईगलचा आहे. त्याचं जंगलातलं रेकॉर्ड ३८ वर्षांचं आहे, १९७७ साली पायात कडी घातलेला पक्षी २०१५ साली न्यूयॉर्क राज्यात गाडीची धडक बसून मेलेला सापडला, म्हणून वय नक्की कळलं. म्हणजे रेकॉर्डवालासुद्धा चाळिशीला पोचला नाही, बाकीचे बरेचसे वीस-तीसच्या आसपासच संपतात. पिंजऱ्यात, आयतं खाणं आणि औषधपाणी मिळून काही जास्त जगतात, पण तिथं डोंगर कुठला. (जाता जाता, पेपरात याला टकला गरुड लिहितात ते पण चूक, बाल्डचा जुना अर्थ पांढऱ्या डोक्याचा, डोकं पिसांनी गच्च भरलेलं असतं त्याचं.)

आता चोच. हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. दोन वर्षांमागं संक्रांतीच्या टायमाला, इथं सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, आमच्या गच्चीवर मांजात अडकलेली एक घार पडली. पंखाला चीर होतीच पण वरच्या चोचीचं टोक पण उडालं होतं, जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. मित्र पक्ष्यांचं बघतो, त्याला बोलवलं, त्यानं टॉवेल टाकून धरली, खोक्यात ठेवली आणि पुढं मटणाचा तुकडा टाकला. ती तुकडा पायाखाली दाबायची, मान खाली घालून ओढायची आणि तुकडा चोचीतून सटकायचा, परत ओढायची, परत सटकायचा. कारण ते टोकच आकड्याचं काम करतं, फाडायला तेच लागतं. शेवटी आम्ही कात्रीनं बारीक बारीक करून चिमट्यानं भरवलं आणि दुसऱ्या दिवशी ती वनखात्याच्या लोकांकडं दिली. नंतर मित्राकडनं कळलं की टोक हळूहळू भरून आलं, कारण मूळ शाबूत होतं. एवढंसं टोक गेलं तर उपाशी मरायची वेळ आली, इथं मेसेजवाले अख्खी चोच तोडायला सांगतात! चोचीच्या आत हाड असतं, वरून आपल्या नखासारखंच कवच, कवच रोज वाढतं आणि खाताना, घासताना रोज झिजतं, पण हाडासकट चोच तुटली तर नवी येत नाही, संपला विषय. पायाच्या नखांचं पण तेच, आत हाड आणि वर कवच.

पिसांचं तर उपटायचं कामच नाही. दर वर्षी जुनी पिसं थोडी थोडी गळतात आणि नवी येतात, दोन्ही पंखांत साधारण जोडीनं, म्हणजे उडताना तोल जाऊ नये. मोठ्या गरुडाला उडायची सगळी पिसं बदलायला एका वर्षाहून जास्त लागतं. सगळी एकदम उपटून पाच महिने उपाशी डोंगरावर बसलेला पक्षी नव्या जन्मापर्यंत पोचणारच नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? म्हातारपणी गरुडाची वरची चोच वाढत जाते आणि तो उपाशी मरतो, हे ॲरिस्टॉटलनं लिहिलंय, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना समज. बायबलच्या १०३ व्या स्तोत्रात तारुण्य गरुडासारखं नवं होतं अशी ओळ आहे, तिचा अर्थ सांगताना संत ऑगस्टीननं लिहिलं की गरुड वाढलेली चोच खडकावर घासून काढतो. ते लोक श्रद्धेनं लिहीत होते, त्यांचं चुकलं म्हणून मला राग नाही, पण हे आपल्या ऋषींनी सांगितलं असं म्हणणं बरोबर नाही.

कारण आपल्याकडची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि मला विचाराल तर जास्त भारी आहे. महाभारताच्या आदिपर्वात आहे. विनतेची दोन अंडी. तिला धीर धरवला नाही, एक आधीच फोडलं, त्यातनं अर्धवट वाढलेला अरुण निघाला आणि आईला शाप देऊन गेला की तू दासी होशील. दुसऱ्या अंड्याला तिनं हात लावला नाही, त्यातनं गरुड आला. आईला दास्यातून सोडवायला त्यानं स्वर्गातून अमृत आणलं आणि स्वतः एक थेंब चाटला नाही. त्यावर विष्णू खूश झाला तेव्हा गरुडानं मागितलं काय, तर अमृत न पिता मी अजर आणि अमर व्हावं! म्हणजे आपला गरुड म्हाताराच होत नाही, त्याला चाळिशीत चोच तोडायला लावणारा मेसेज ती गोष्टच उलटी करतो. विष्णूनं त्याला वाहन केलं आणि ध्वजावर पण जागा दिली ती याच प्रसंगात.

त्या ध्वजाचा तर दगडी पुरावा आहे. विदिशाजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं इसवीसनाच्या आधी दुसऱ्या शतकात वासुदेवाचा गरुडध्वज उभा केला, खांबावर तसं कोरलंय. आणि आपल्याला एवढं लांब पण जायला नको, पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात गरुडखांबाला मिठी मारल्याशिवाय आमची आजी पुढं सरकायची नाही. लहान असताना मला वाटायचं त्यात खरंच पक्षी आहे आणि आजी त्याच्या कानात काहीतरी सांगते.

नाव बघा आता. गरुड शब्द गिळणे या अर्थाच्या धातूवरून आला असं एक जुनं मत, साप गिळणारा. महाभारतातलं कारण वेगळंच, जड भार घेऊन उडाला म्हणून गरुड, चोचीत झाडाची फांदी आणि तिला उलटे लटकलेले वालखिल्य ऋषी. सापाचं नातं मराठीत अजून जिवंत आहे, सापाचं विष उतरवायचा मंत्र तो गारुड, साप खेळवणारा तो गारुडी, आणि एखाद्या आवाजानं मनावर गारुड केलं असं आपण रोज म्हणतो तेव्हा तो पक्षी डोक्यात पण नसतो. आणि सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर सापमार गरुड दिसतो, तो खरोखर साप खातो, मी त्याच्या चोचीतून शेपटी लोंबताना बघितलीये.

आता ती बाकीची नावं, जी मेसेजनं एका पोत्यात भरलीत.

ससाणा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात श्येन पक्ष्याचं एक नाव शशादन आहे, ससा खाणारा, त्यातूनच आपला ससाणा. गरुडापेक्षा लहान, पंख टोकदार, हवेतच पक्षी मारणारा. शिबी राजाच्या गोष्टीत कबुतराच्या मागं लागलेला ससाणा म्हणजे इंद्र. बहिरी ससाण्याला लोक बहिरा समजतात, पण तो बहरी आहे, बहर म्हणजे समुद्र, अरबी-फारसी शब्द. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

बाज हा फारसी शब्द आणि पक्षी पण वेगळाच, हिमालयाकडचा, आपल्या माळावर दिसत नाही. गुरु गोविंदसिंगांच्या हातावर चित्रात असतो तो, आणि पंजाबचा राज्यपक्षी. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, शिकारी पक्षी पाळणारे लोक बाज हे नाव मादीला द्यायचे, नराला जुर्रा. शिकऱ्याचं पण तसंच, शिकरा मादी आणि नर चिपका, कारण या पक्ष्यांत मादी मोठी असते आणि शिकारीला तीच भारी. जिमच्या बोर्डावर मिशीवाल्या माणसाशेजारी बाज काढतात ना, ते नाव बाईचं आहे.

शाहीन पण फारसी, शाहवरून, शाही पक्षी. शाहीन ससाणा हा आपल्याच देशातल्या कड्यांवर राहणारा, पाठ काळपट आणि पोट तांबूस. इक्बालच्या कवितांमुळं हे नाव पाकिस्तानी आहे असं ग्रुपवर एकजण लिहून गेला, त्याला सांगायचंय की कवितेच्या कितीतरी आधीपासून पक्षी आणि नाव दोन्ही इथंच आहेत. आणि सोलापुरात शाहीन नावाच्या मुली प्रत्येक शाळेत आहेत, माझ्या वर्गात दोन होत्या.

शेवटचं, घार अशुभ म्हणे. आमच्या चौकात चार घरांत तिला चार नावं आहेत, आमच्याकडं घार, समोर तेलुगू घरात गद्द, कोपऱ्यावर कन्नड घरात हद्दू, मागं चील. एकाही घरात तिला अशुभ म्हणताना ऐकलं नाही. समोरची आजी तर तांबड्या अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार दिसली की गालावर हात मारून गरुत्मंतुडू म्हणते, कारण दक्षिणेत खरा गरुड म्हणजे तीच, जिला पुस्तकात ब्राह्मणी घार लिहितात. आणि मराठीत तर आई म्हटलं की घारच आठवते, घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिल्लापाशी. नान्नजला अजून एक आहे, कापशी, कापसासारखी पांढरी, शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते आणि मग सरळ उंदरावर उतरते. शेतकऱ्याचं एवढं काम करणारी अशुभ कशी?

गिधाडाबद्दल एवढंच, जटायू हा अरुणाचा मुलगा, म्हणजे गरुडाचा सख्खा पुतण्या. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळं, मेलेल्या गुरांचं मांस खाऊन या देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. त्यांना अशुभ म्हणताना मला खरंच त्रास होतो.

आणि ताई, तुझ्या बाळाचं. श्येन नको, वेदात सोम आणणारा म्हणून चांगलंय, पण शत्रूला मारायच्या यज्ञाला पण श्येन म्हणायचे. गरुड ठेवलं तर शाळेत आडनाव समजतील. मी वैनतेय सुचवतोय, विनतेचा मुलगा, या सगळ्या नावांत आईचं नाव असलेलं हे एकच. उच्चार थोडा जड आहे, घरात वेनू म्हणा. बारसं पुढच्या महिन्यात आहे, तोवर काकांना पण विचारून ठेव.