इंग्रजांनी खरोखरच ‘साऱ्या देशाला एक कायदा’ दिला होता का?

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की इंग्रज येण्यापूर्वी इथे गावागणिक न्याय वेगळा होता. इंग्रजांनी लंडनच्या संसदेत कायदे करून ते साऱ्या देशाला सारखेच लागू केले. आणि तो कायदा कोणा एका माणसासाठी केलेला नसल्यामुळे त्याच्यापुढे सगळे सारखे होते. समान नागरी कायदा असावा की नसावा हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यात मी इथे शिरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याचे कायदे समोर ठेवले, तर या मजकुरातली विधाने टिकत नाहीत, एवढेच दाखवायचे आहे.

पहिले विधान, कायदे लंडनमध्ये झाले. संसदेने भारतासाठी मुख्यतः चौकट आखून दिली, म्हणजे कायदा कोणी करायचा आणि कोणत्या मर्यादेत करायचा हे ठरवले. रोजच्या व्यवहाराचे कायदे मात्र भारतातच होत. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीतली १८२७ ची रेग्युलेशने, म्हणजे तेव्हाचे सरकारी कायदे, मुंबई सरकारनेच केली. १८३३ च्या सनदी कायद्याने हा अधिकार मुंबईकडून काढून कोलकात्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे दिला आणि १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने तो मर्यादित स्वरूपात परत केला. त्यानुसार जानेवारी १८६२ मध्ये मुंबईचे कायदे कौन्सिल भरले, तेव्हा त्याच्या सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. हे सभासद लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते; शिवाय गव्हर्नरनंतर गव्हर्नर जनरलची मंजुरी लागे आणि राणीच्या सरकारला मंजूर कायदाही रद्द करता येई. तेव्हा त्या कायद्यांना लोकांचे कायदे म्हणता येणार नाही, पण ते लंडनहून तयार होऊन आले असेही म्हणता येणार नाही.

दुसरे विधान, कायदा देशभर सारखा होता. इथे प्रथम मान्य करावे लागेल की १८६० ची दंड संहिता आणि १८७२ चे करार व पुराव्याचे कायदे यांचा विस्तार खरोखरच मोठा होता. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच कायदे असावेत. त्यांच्यापलीकडे पाहिले की चित्र झपाट्याने बदलते. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, पण त्यातून मुंबई इलाखा वगळलेला होता. त्यामुळे नागपुरात घर गहाण ठेवणाऱ्याला जो कायदा जुलै १८८२ पासून लागू झाला, तो पुण्यात घर गहाण ठेवणाऱ्याला १ जानेवारी १८९३ पर्यंत लागू नव्हता. १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट मुंबई शहराला लागू होता, पण इलाख्याच्या उरलेल्या भागाला नव्हता. मुंबईत मृत्युपत्र करणाऱ्या हिंदूला लेखी दस्तऐवज आणि साक्षीदार लागत, आणि खाडीपलीकडे ठाण्यात, मालमत्ता मुंबईतली नसेल तर, तोंडी मृत्युपत्रही चालू शकत असे. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होते, पण नाव निजामाचे, म्हणून कोलकात्याचे कायदे तिथे आपोआप लागू होतच नसत. कोणता कायदा लावायचा हे गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने ठरे. खानदेशातल्या मेवासी सरदारांच्या, म्हणजे डोंगराळ भागातल्या छोट्या स्थानिक प्रमुखांच्या, गावांची गणना १८७४ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स’मध्ये झाली, आणि तिथे कोणता कायदा चालणार हे सरकारी अधिसूचनेवर अवलंबून राहिले.

हे सारे जुन्या काळाचे उरलेसुरले अवशेष होते आणि हळूहळू पुसले जात होते, असा बचाव कोणी करील. तो पुरेसा नाही, कारण नवे कायदेही मुद्दाम एकेका जिल्ह्यापुरते केले जात होते. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांविरुद्ध दंगे झाल्यावर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. त्यातली बहुतेक कलमे पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरती होती. तिथल्या न्यायाधीशाला कर्जाच्या व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासता येई. नगरच्या शिवेपलीकडे नाशिक जिल्ह्यातल्या कुळाला तो आधार नव्हता. हा कायदा मुंबईच्या कौन्सिलने न करता व्हाइसरॉयच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या, कौन्सिलने केला, यालाही कारण होते: १८६१ नंतर वरच्या कौन्सिलने केलेल्या कायद्यांना हात लावण्याचा अधिकार प्रांतिक कौन्सिलला नव्हता, आणि हा कायदा तर तसल्याच कायद्यांना मुरड घालणारा होता. रत्नागिरीच्या खोतांसाठी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांसाठी, १८८० चा वेगळा खोती कायदा झाला, मुंबई शहरासाठी १८६५, १८७२ आणि १८८८ चे महापालिकेचे कायदे झाले. गावागणिक न्यायाचे म्हणाल, तर १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनातच असे ठरले होते की दिवाणी दाव्यात संसदेचा कायदा किंवा सरकारी रेग्युलेशन नसेल तिथे त्या मुलखाचा रिवाज पाहावा. म्हणजे तो न्याय इंग्रजांनी मोडला नाही, उलट आपल्या कायद्यातच त्याला जागा दिली.

तिसरे विधान, कायदा व्यक्ती पाहून केलेला नव्हता. हे सर्वांत सहज खोडता येते, कारण १८६० चा विसावा कायदा एका कुटुंबासाठीच आहे. जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली आणि १८५९ मध्ये ते वारले. पदवी पिढ्यान्‌पिढ्या चालायची तर तिच्यामागे तशीच न विभागली जाणारी मालमत्ता हवी, पण मालमत्ता अशी कायमची बांधून ठेवायला सर्वसाधारण कायद्याची आडकाठी होती. म्हणून वर्षाला १ लाख रुपये उत्पन्नाच्या सरकारी कर्जरोख्यांची आणि माझगाव कॅसल या वाड्याची व्यवस्था पदवीशी जोडून देणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. पदवीवर येणाऱ्या प्रत्येक वारसाने आपले नाव सोडून जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यावे, अशीही अट त्यात होती, आणि त्याप्रमाणे त्यांचे पुत्र कर्सेटजी हे दुसरे सर जमशेटजी झाले. गंमत म्हणजे माझगावच्या एका वाड्याचा हा कायदा कोलकात्यात मंजूर झाला, कारण त्या वर्षी मुंबईला कायदे करण्याचा अधिकारच नव्हता. पुढे १८९३ चा सहावा कायदा सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पदवीसाठी झाला.

आणि कायद्यापुढे सारखेपणा? फौजदारी खटल्यांत तर माणसाचे गोरेपण कायद्याने नोंदलेले होते. हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांवरचे खटले चालवू देऊ पाहणाऱ्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाने हा भेद थोडा कमी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा युरोपियनांनी एवढा गदारोळ केला, की १८८४ मध्ये तडजोड झाली: हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा सेशन्स जज्जपुढे खटला चालला, तरी युरोपियन ब्रिटिश आरोपीला निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन असलेल्या ज्यूरीची मागणी करता येई. असा हक्क त्याच जिल्ह्यातल्या हिंदी आरोपीला नव्हता.