सरळ कट हा केवळ हाताच्या सफाईचा प्रश्न नाही

‘हातात धरून चालवायच्या सर्क्युलर सॉने (गोल पात्याच्या विजेच्या करवतीने) आठ फुटी प्लाय सरळ कापणे ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच जमते, इतरांनी पाते पूर्ण खाली सोडावे, जास्त दातांचे पाते लावावे, कट भरकटला तर यंत्र हळूच वळवून रेघेवर आणावे आणि तरीही जमले नाही तर टेबल सॉ (टेबलातून पाते वर आलेली करवत) घ्यावा,’ असा सल्ला हौशी सुतारकाम करणाऱ्यांत सध्या बराच फिरतो आहे. त्यातले एक विधान अर्धे खरे आहे. बाकीची तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

हात बसण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. आठ फूट लांबीचा कट घेताना मध्येच पाय उचलून पुढे ठेवावा लागतो, पकड बदलते, भुशाने रेघ झाकली जाते आणि अशा प्रत्येक ठिकाणी कडेवर एखादी बारीक पायरी उमटते. मुरलेला सुतारसुद्धा फर्निचरचा दर्शनी कट असला की यंत्र टेकवायला प्लायवर सरळ पट्टी बांधूनच कापतो. पट्टी म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा बारीक पाइप वापरणारे पुष्कळ आहेत; पण त्याची दोन्ही टोके सी-क्लॅम्पने आवळली तरी मधला भाग यंत्राच्या दाबाने बाहेरच्या बाजूला वाकतो आणि कट मधोमध एखादा सूत सरकतो. त्यापेक्षा 18 मिमी प्लायचीच आठ-नऊ इंच रुंद पट्टी, कारखान्यातून आलेली कड यंत्राकडे ठेवून वापरावी. एवढी रुंदी आडव्या दाबाला सहज दाद देत नाही.

याहून सोयीचा उपाय म्हणजे 6 मिमी प्लायचा तळ घेऊन त्यावर ही पट्टी चिकटवणे, तळाची कड मुद्दाम थोडी जास्त ठेवणे आणि यंत्र पट्टीला टेकवून ती जादा कड एकदा कापून टाकणे. त्यानंतर तळाची कड हीच कटाची रेघ होते. ती खुणेवर ठेवली की बेस प्लेटच्या, म्हणजे फळीवर टेकणाऱ्या यंत्राच्या सपाट पत्र्याच्या, कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर दर वेळी मोजत बसावे लागत नाही. अर्थात ही कड त्याच यंत्रापुरती आणि त्याच पात्यापुरती खरी असते. क्लॅम्प लावताना मोटर त्यांना अडणार नाही हे यंत्र बंद असताना एकदा सरकवून पाहावे.

पट्टी असूनही कडा जळत असतील किंवा खरखरीत येत असतील, तर दोष हातात नव्हे, बहुधा यंत्रात असतो. प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण करावी, तो दात पुढे आणून बेस प्लेटच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे, मग पाते फिरवून तोच दात मागे आणावा आणि पुन्हा मोजावे. दोन मापे जुळली नाहीत तर पाते कडेला समांतर नाही आणि त्याचा मागचा भाग कापलेल्या कडेवर घासतो आहे असे समजावे.

पाते पूर्ण खाली सोडण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. पाते जितके खाली, तितका त्याचा लांब भाग फटीत राहतो आणि दिशा टिकायला थोडी मदत होते, हे मान्य. पण पट्टी बांधल्यावर ही मदत लागतच नाही. उलट तोटे शिल्लक राहतात: फळीखाली उघडे पाते जास्त येते आणि दात अधिक उभ्या कोनात वर निघत असल्यामुळे वरच्या थराच्या चिरफळ्या उडतात. पाते प्लायखाली एखाद्या दाताएवढे दिसले की पुरे. दात खालून वर कापत येत असल्याने चांगली बाजू खाली ठेवायची, हेही याच ओघात सांगितले पाहिजे; टेबल सॉवर नेमके उलटे असते.

जास्त दातांनी कड गुळगुळीत येते, कट सरळ येत नाही. शिसवीसारखे घट्ट लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने चिरताना तर जास्त दातांचे पाते भुशाने कोंदते, तापते, मग माणूस जोर लावतो आणि पातळ पाते वाकून बाजूला सरकते. आपल्याकडे चार इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते लावण्याची सर्रास पद्धत आहे, तिच्याबद्दल वेगळे लिहायला हवे. त्या यंत्राला खालून आपोआप मिटणारे संरक्षक झाकण सहसा नसते एवढे इथे पुरे.

भरकटलेला कट चालत्या यंत्राने वळवून आणण्याचा सल्ला मात्र सरळसरळ धोक्याचा आहे. सपाट पाते अरुंद फटीत वळत नाही, अडकते, आणि यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. खटका सोडावा, पाते पूर्ण थांबू द्यावे, यंत्र मागे घ्यावे आणि फटीत मोकळे फिरते आहे हे पाहून पुन्हा सुरू करावे. प्लाय फक्त दोन टोकांवर टेकलेला असेल तर तो मध्ये झुकतो, फट मिटते आणि पाते तसेच चिमटले जाते. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रिपा घालून सगळा प्लाय जमिनीवर आडवा ठेवणे उत्तम.

उरला टेबल सॉ. 18 मिमीचा आठ बाय चार फुटी प्लाय साधारण 30 किलोंच्या पुढे भरतो, आणि लहान टेबलावर तो एकट्याने कुंपणपट्टीला (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) चिकटवून सरळ ढकलणे हे हातातल्या यंत्रापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. टेबल सॉ हवा तो एकसारख्या इंचभर रुंद पट्ट्या दहा-वीस काढायच्या असतील तेव्हा. आणि तिथेही मोठ्या प्लायचे आटोपशीर तुकडे आधी हातातल्या यंत्राने, पट्टी बांधूनच करून घ्यावे लागतात.